रुईच्या कोठ्यातली हाक

हिवरखेडला जयवंताला सगळे 'अमरावतीवाली' म्हणत. माहेर तिचं बाळापूरकडचं, सासर हिवरखेडचं. अमरावतीत ती राहिली ती एक हंगाम, तोही पुरता नाही. पण गावाला नाव ठेवायला तेवढं पुष्कळ होतं. पुढं केस पांढरे झाल्यावर घरातल्या सुना विचारायच्या, अमरावती कशी आहे वो? ती म्हणायची, "मी नाई पायली. मी कोठा पायला."

ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. दूर परमुलखात गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकून पडला होता आणि वऱ्हाडातल्या बोंडाला कधी नव्हता तो भाव आला होता. लोकांनी मिरच्यांचे वाफे मोडून कापूस लावला. त्या वर्षी हिवरखेडच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी दिसली की बाया उभ्या राहून बघत.

जयवंताचा नवरा क्षयानं खोकत खोकत गेला त्याला काही वर्षं झाली होती. शेत धाकटा दीर पुंजाराम वाहत असे. घरात सासू माणिकबाईची सत्ता. अमरावतीचा मुकादम खुशालराव माणसं जमवत गावोगाव हिंडला, तेव्हा माणिकबाईच्या डोळ्यांपुढं दुसरी बैलजोडी उभी राहिली. जयवंता हाडापेरानं दणकट, तिला पाठवायचं ठरलं. पण विधवा बाई परगावी एकटी कशी धाडायची? म्हणून सोबतीला पुंजारामाची बायको जमुना दिली. जमुना नांदायला येऊन वर्षही झालं नव्हतं. काडीसारखी पोर. गाडीत बसताना माणिकबाईनं जयवंताच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि म्हणाली, "तुह्या भरोशावर पाठवून राहिली. जशी नेली तशी आनून दे."

जयवंता म्हणाली, "आनतो."

अमरावतीत राजापेठेच्या बाजूला कापसाच्या व्यापारी शेठजीचं मोठं आवार होतं. एका अंगाला रेचे, त्यांवर बाया दिवसभर कापसातून सरकी वेगळी काढत. सरकी काढलेली रुई अंगणात पसरायची आणि मग कोठ्यात भरायची. कोठा म्हणजे जाड मातीच्या भिंतींची, सपाट मातीच्या धाब्याची एक उंच खोली. तिला खिडकी नव्हती. खाली एक बुटका दरवाजा आणि वर धाब्याला मधोमध चौकोनी तोंड. हमाल बाहेरच्या उतरणीवरून धाब्यावर गाठोडी नेत, तोंडापाशी ठेवत. तिथं बसलेली बाई गाठोडं सोडून रुई आत लोटी. आत तिघीजणी ती पायांनी तुडवून दाबत. रुई वर चढत गेली की दरवाजाला आतून फळ्या लावत आणि मग बाहेर यायची वाट एकच, वरच्या तोंडातून सोडलेल्या शिडीची.

रुई हातावर घेतली तर फुंकरीनं उडते. तीच गाठोडंभर अंगावर आली तर माणूस गुडघ्यावर बसतो, आणि दुसरं गाठोडं आलं की दिसेनासा होतो. ओरडायला तोंड उघडलं की तोंडात तीच. म्हणून कोठ्याचा एक नेम होता. वरच्या बाईनं लोटण्याआधी प्रत्येकीचं नाव घेऊन विचारायचं, "हायेस का?" जिचं नाव घेतलं तिनं भिंतीशी सरकून सांगायचं, "हाये." सगळ्यांची उत्तरं आल्यावरच लोटायचं. हा नेम कोणी घालून दिला कोणास ठाऊक. तो कशामुळं पडला असेल हे मात्र आत उतरल्यावर पहिल्याच दिवशी जयवंताला कळलं.

वर बसायची मैनाबाई.

मैनाबाई बाळापूरची, चाळिशीची, गोरीगोमटी, तोंडात कायम तंबाखू. नकला अशा करायची की हमाल डोक्यावरचं ओझं सांभाळत हसायचे. खुशालरावाचं नाकातलं बोलणं, शेठजीचा खाकरा, आत जयवंता-जमुनेसोबत तुडवणाऱ्या पार्वताबाईची रडगाणी, सगळं तिच्या गळ्यात होतं. माहेरच्या बाजूची म्हणून जयवंतालाही ती आधी आवडली. आवार सगळं तिच्यावर खूष होतं. फक्त नावं घेऊन विचारायचं काम तिला कंटाळवाणं वाटे. हमालांशी बोलता बोलता ती हात मारून गाठोडं लोटून द्यायची आणि मागून म्हणायची, "हायेत का गं साऱ्याजनी?"

एके दिवशी तेही म्हणाली नाही. जमुना वरच्या तोंडाच्या बरोबर खाली वाकून पायातला काटा काढत होती. वरून पांढरं काहीतरी आलं आणि जमुना होती तिथं नव्हती. जयवंतानं हात घालून तिचा दंड शोधला आणि ओढून काढली. पोरीच्या पापण्यांना, नाकाला, ओठांना रुई चिकटली होती. त्या दिवशी तिला जो खोकला लागला तो सुटलाच नाही. दोनदा कोरडा आणि मग एक लांब, छातीच्या तळातून आलेला.

"मैनाबाई, हाक नाई देली तुमी," जयवंता खालून म्हणाली.

"देली वो. तुमीच बहिऱ्या होऊन राहिल्या आत."

"नाई देली."

"बरं बाप्पा, नाई देली. आता काय नाक घासू?" आणि वर हमाल हसले.

दिवेलागणीला मैनाबाई स्वतः त्यांच्या चुलीपाशी आली. अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी घेऊन. जमुनेच्या पाठीवरून हात फिरवला, तिला गुळाचा खडा दिला. "लेकरू हाये माय. माह्या डोळ्याची आन, उद्यापासून हाक दिल्याबिगर लोटनार नाई." जयवंतानं भाकरी खाल्ली. भाजी चांगली झाली होती. जिची भाकरी खाल्ली तिच्याशी सकाळी उठून भांडायचं कसं, हे तिला उमगेना, आणि हेच मैनाबाईला बरोबर ठाऊक असावं असंही तिला वाटून गेलं.

दोन दिवस नेम पाळला गेला. मग पुन्हा तेच.

जयवंता खुशालरावाकडे गेली. तो उतरणीच्या पायथ्याशी पान लावत उभा होता. गाड्यांची रांग आवाराबाहेर रस्त्यापर्यंत लागली होती.

"दादा, वरच्या बाईले सांगा. एखादी मरन आत."

"कोन मेलं?"

"मेलं नाई अजून."

"मंग?" त्यानं पान तोंडात घातलं. "ऐक जयवंता. थे मैना वर हाये म्हनून हमाल धावत येतात. तुह्यासारखी तोंड पाडून बसली तं कोन येईन? बायकांची भांडनं बायकांत मिटवा."

"भांडन नाई. काम करत नाई थे."

खुशालरावानं तिच्याकडं नीट बघितलं. "तुले वर बसायचं हाये, असं सांग ना सरळ. जाय, बैस. मैनाले खाली धाडतो."

जयवंताला ते नको होतं. "जमुनेले वर घ्या. मी खालीच बरी."

"त्या काडीले गाठोडं सुटते का? चाल, वेळ होऊन राहिला."

अशी ती वर आली आणि जमुना खाली राहिली, मैनाबाईच्या शेजारी. धाब्यावर मोकळा वारा होता. जयवंताला तो अंगाला लागू नये असं वाटे. तोंडातून खाली बघितलं की सुरुवातीला तीन डोकी दिसत, मग धूळ उठे आणि काही दिसत नसे. फक्त आवाज.

ती नाव घेई, थांबे. "पार्वताबाई, हायेस का?" "हाये वो." "मैनाबाई?" "जमुने?" उत्तर आलं की लोटी. काम मंदावलं. ओझी घेऊन उभे राहिलेले हमाल करवादले. एकजण म्हणाला, "शिरगणती करून राहिली का बाई? मले बी विचार, हाये का म्हनून." जयवंता हसली नाही, आणि तेही त्यांना आवडलं नाही.

मैनाबाई पहिले काही दिवस फुगून बसली. नाव घेतलं की गप्प. जयवंता थांबे, हमाल थांबत, खाली खुशालराव ओरडे आणि मग आतून सावकाश येई, "हाये. मेली नाई अजून." मग तिला खेळ सापडला. जयवंतानं पार्वताबाईचं नाव घेतलं की मैनाबाईच पार्वताबाईच्या रडक्या सुरात म्हणे, "हाये वो माय, कुठे जातो मी अभागी." आत हशा पिके. स्वतः पार्वताबाई हसे. जमुनाही हसे, आणि हसता हसता खोके.

"ज्याचं त्यानं बोला," जयवंता वरून म्हणे.

"बोलूनच राहिलो ना आमी," हे उत्तर जयवंताच्याच आवाजात येई.

चुलीपाशी जयवंतानं जमुनेला बजावलं, "तिच्या नादी लागू नको. तुह्या नावाले तूच बोल."

"बोलतोच ना बाई," जमुना म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "पन गळा लय दुखते. बोललं का खोकला येते. मैनाबाई चांगली हाये वो. मले भिताडाशी बसू देते. माह्यावाटचं थेच तुडवते."

जयवंतानं हळदीचं पाणी गरम करून तिला पाजलं. मैनाबाई कामचुकार आहे आणि ती जमुनेच्या वाटचं तुडवते, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या कशा, हे तिच्या मनात बसेना. मग तिनं आपली एक खूण धरली. ती 'हाये' या शब्दावर विसंबेना. शब्दामागून येणारा खोकला ऐकी. दोनदा कोरडा, एक लांब. तो आला की गाठोडं लोटी.

माघात आभाळ आलं. सकाळपासून ऊन नव्हतं, वारा पडला होता आणि अकोल्याच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालं होतं. अंगणभर रुई पसरलेली. भिजली तर सडणार. शेठजीचा निरोप आला की रुईचा एक पुंजकाही बाहेर राहता कामा नये. रेच्यांवरच्या बाया उठवून रुई गोळा करायला लावल्या. कोठा निम्म्याच्या वर भरला होता, दरवाजाला फळ्या लागल्या होत्या. हमालांची ओळ उतरणीवर चढत होती, उतरत होती, आणि तोंडाभोवती गाठोड्यांचा ढीग वाढतच होता.

"लोट, बाई, लोट," खुशालराव खालून ओरडत होता. "नावं मंग घेजो."

जयवंता नावं घेतच होती, भरभर. कोठ्याच्या तोंडातून धूळ वर येत होती, उकळत्या हंड्यातून वाफ यावी तशी.

"पार्वताबाई?"

"हाये."

"मैनाबाई?"

"हाये वो."

"जमुने, हायेस का?"

"हाये."

जयवंतानं गाठोड्याला हात लावला आणि थांबली. शब्द स्वच्छ आला होता. मागून काही आलं नव्हतं.

"जमुने, खोकत नाईस?"

खाली क्षणभर काहीच नाही. मग खोकला आला. दोनदा कोरडा, एक लांब. जयवंताला हायसं वाटलं. तिनं गाठोडं लोटलं, पाठोपाठ दुसरं. तिसरं सोडताना तिच्या हाताला काहीतरी नको वाटू लागलं. तो खोकला फार बरोबर होता. दुखणाऱ्या माणसाचा खोकला दर वेळी थोडा वेगळा असतो, हे नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

ती कोठ्याच्या तोंडाशी पालथी झाली. "जमुने," तिनं विचारलं, "तुह्या घरधन्याचं नाव काय?"

मागचा हमाल म्हणाला, "आता हे काय काढलं?"

खालून, जमुनेच्या घोगऱ्या आवाजात, लगेच उत्तर आलं.

"पुंजाराम."

जयवंतानं हातातलं गाठोडं मागं ओढलं. जमुनेनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. सासू चिडवायची तरी नाही, सणाला बायांनी अडवून धरलं तरी दारात मान खाली घालून उभी राहायची. तिला मारलं असतं तरी ती 'इश्श, काय वो बाई' एवढंच म्हणाली असती.

"थांबा," जयवंता म्हणाली. "कोनी लोटू नका."

"आभाळ पाय, बाई."

"लोटशीन तं माह्या अंगावर लोट," असं म्हणून तिनं लुगड्याचा काचा घट्ट केला आणि तोंडातून आत उडी टाकली.

ती छातीपर्यंत रुतली. डोळ्यांत, नाकात रुई गेली. पांढऱ्या अंधारात कोणीतरी तिचा हात धरला. मैनाबाई होती. ओठांवर पदर बांधलेला.

"जमुना कुठे हाये?"

"अवं, त्या कोपऱ्यात बसली. गळा सुकला म्हने, बोलवत नाई, तुमी बोला माह्यावाटचं. म्हनून मी बोलून राहिली. काहून उडी टाकली तुमी?"

"कोनता कोपरा?"

मैनाबाईनं बोट दाखवलं, आणि दाखवता दाखवता तिचं बोट तसंच राहिलं. कोपऱ्यात कोणी नव्हतं. चारही कोपरे सारखेच भरलेले होते, मऊ, सपाट, वरून नुकतंच काही पडल्यासारखे.

जयवंता पोहत गेल्यासारखी गेली. रुई उकरून फेकायला जागा नव्हती, जेवढी बाजूला करावी तेवढी परत येत होती. पार्वताबाई भिंतीशी रडू लागली. मैनाबाई मात्र उकरत होती, दोन्ही हातांनी, काही न बोलता. जयवंताच्या हाताला आधी वेणी लागली. मग कपाळ. तिनं जमुनेच्या तोंडात बोट घातलं आणि ओल्या रुईचा गोळा काढला. आणखी एक काढला. पोरीच्या छातीवर तळहात दाबला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक श्वास आला, फाटक्या भात्यातून यावा तसा.

हमालांनी धोतराची झोळी सोडून तिला वर ओढून घेतलं. आवारातल्या छपराखाली आणून ठेवलं. जयवंतानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ निळसर होते. पावसाचे मोठे थेंब धुळीत पडू लागले होते आणि अंगणात अजून रुई होती.

खुशालराव आला. वाकून बघितलं. "जित्ती हाये ना?" मग उभा राहून धाब्याकडं बघत म्हणाला, "वर कोन हाये आता? मैना? मैना, लाग कामाले. लवकर."

मैनाबाई शिडीनं वर आलेली, तोंडाजवळ बसून रडत होती, खरंच रडत होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पहिल्या गाठोड्याची गाठ सोडली.

"पार्वताबाई," जयवंता छपराखालून ओरडली, "बाहेर ये."

आतून बारीक आवाज आला. "आता कशी येऊ वो? शिडी वर ओढली."

मग गाठोडी पडू लागली. एकामागून एक, धप्, धप्. जयवंता कान देऊन ऐकत राहिली. वरून नाव घेतलेलं तिला ऐकू आलं नाही. पाऊस वाढला होता, त्यामुळं ऐकू आलं नसेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. संध्याकाळी पार्वताबाई उतरणीवरून चालत खाली आली तेव्हा तिनं जयवंताकडं बघितलंसुद्धा नाही. जयवंतानं काम अडवलं म्हणून सगळ्यांची बोलणी पार्वताबाईनं खाल्ली होती.

सकाळी खुशालराव म्हणाला, "जायचं तं जा. फाटकाशी कामासाठी बाया उभ्या हायेत."

अकोटकडं परतणारी एक रिकामी गाडी मिळाली. जयवंतानं जमुनेला गवतावर निजवलं. गाडी हलणार तेवढ्यात मैनाबाई धावत आली. तिच्या हातात तिची स्वतःची घोंगडी होती.

"हे घ्या. पोरीले गार लागन." मग चाकाला हात लावून हळू म्हणाली, "मी तिच्यासाठीच बोलली वो. तिचा जीव दुखत होता."

ती घोंगडी परत द्यावी असं जयवंताला वाटलं. पण जमुनेच्या अंगावर काटा उभा होता. तिनं घोंगडी घेतली आणि जमुनेभोवती गुंडाळली. "चाल दादा," ती गाडीवानाला म्हणाली. पाठीमागून धाब्यावरून खुशालरावाच्या नाकातल्या आवाजात कोणीतरी ओरडलं, आणि हमाल हसले. तो खुशालराव होता की मैनाबाई आधीच वर जाऊन बसली होती, हे कळायला जयवंतानं मान वळवली नाही.

पाऊस थांबला होता. काळ्या मातीत चाकं रुतत होती. जमुना बोलायला जाई आणि श्वास अडके, म्हणून जयवंतानं तिला बोलू दिलं नाही. तिचं बोट आपल्या मुठीत घेतलं. "मी विचारीन तवा दाबजो. बोलू नको."

"हायेस का?"

बोट दाबलं जाई.

दुसऱ्या दिवशी दर्यापूर मागं पडलं. जयवंता विचारत होती, बोट उत्तर देत होतं. मधे एकदा जमुना झोपली असं वाटलं, पण बोटानं उत्तर दिलं. गाडीवान आपल्या बैलांच्या, तेजीत वाढलेल्या गाडीभाड्याच्या गोष्टी सांगत होता. जयवंता हूं हूं करत होती. माणिकबाईपुढं गाडी उभी राहील तेव्हा आधी काय बोलायचं, ते ती मनात जुळवत होती, आणि ते जुळत नव्हतं.

"हे अकोट दिसून राहिलं, बाई," गाडीवान म्हणाला. "इथून हिवरखेड काई लांब नाई."

"हायेस का, जमुने?"

ती थांबली. चाक करकरत होतं, घुंगरं वाजत होती, गाडी खड्ड्यातून जाताना हात हलत होते. दाबलं की हललं, हे तिला समजेना.

"दादा, गाडी थांबवा."

"काहून? पोचलोच ना आता."

"थांबवा. लय हलते. मले कळत नाई."

त्यानं कासरा ओढला. बैल उभे राहिले. घुंगरं वाजायची थांबली. जयवंतानं मूठ सैल केली, ते बोट तळहातावर नुसतं ठेवलं आणि खाली वाकून पुन्हा विचारलं.